गंगाधरपंत सौसरला आले असते तर

वेडाचे प्रकार अनेक. कोणास भजनाचे, कोणास पत्त्यांचे, कोणास भाऊबंदकीच्या दाव्यांचे. आमच्या पांढुर्ण्यात तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी उभे राहून सावरगावकरांवर दगड भिरकावण्याचे, आणि त्यांचे दगड अंगावर घेण्याचेही, एक जुने वेड आहे. त्या मानाने आमचे वेड निरुपद्रवी म्हटले पाहिजे. विज्ञानकथा हाती लागली की ती संपविल्याशिवाय आम्हांस चैन पडत नाही, आणि नवे यंत्र दिसले की त्याचे झाकण काढून आत डोकवावेसे वाटते. पहिल्या सवयीमुळे घरातील एक मोठे कपाट अडले आहे, दुसरीमुळे दोन मिक्सर कायमचे निकामी झाले आहेत, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

यंत्रांची ओढ नोकरीने लावली. आम्ही दूरध्वनी खात्यात लागलो तेव्हा बोर्डासमोर बसून हाताने जोडणी करून द्यावी लागे आणि नागपूरचा ट्रंक कॉल लागेपर्यंत माणूस बाकावर डुलकी काढून घेई. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने १२८ लाइनींचे देशी ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम सुरू झाले. त्या एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागत नसे. धूळ, ऊन, विजेचा लहरीपणा, सारे गृहीत धरूनच ते बांधलेले होते. विलायती विज्ञानकथांत भविष्यकाळ नेहमी गार, लखलखीत दालनांतून अवतरतो. तो मे महिन्यातल्या आमच्या धुळीतही येऊ शकतो, हे आम्हांस त्या लोखंडी कपाटाने शिकविले. तेव्हापासून भविष्यावरचा आमचा विश्वास उडालेला नाही. डळमळला मात्र पुष्कळदा. तसा तो डळमळला त्या एका आठवड्याविषयी येथे लिहावयाचे आहे.

तो आठवडा १८ मे २०२५ च्या रविवारी सुरू झाला. भोपाळहून नातू सुटीसाठी आला होता; तो यंदा बारावीत गेला. पहाटे आम्ही दोघे टीव्हीसमोर बसलो. श्रीहरिकोट्याहून ५ वाजून ५९ मिनिटांनी पीएसएलव्ही-सी६१ उडणार होते. ईओएस-०९ हा पृथ्वीनिरीक्षक उपग्रह त्यात होता, आणि तेथून होणारे ते १०१ वे उड्डाण होते. पहिला टप्पा उत्तम, दुसरा उत्तम. तिसऱ्या टप्प्यात पडद्यावरील रेषा अपेक्षित वक्र सोडून खाली कलू लागली. निवेदकाच्या आवाजाआधी ती रेषाच बोलली. थोड्याच वेळात इस्रोच्या अध्यक्षांनी मोहीम पूर्ण होऊ शकली नसल्याचे सांगितले. पीएसएलव्हीला अपयश क्वचितच येते. म्हणूनच ते लागते. सौभाग्यवतींनी विचारले, "तिरुपतीला गेले होते ना ही मंडळी?" गेले होते. नारळीकरांच्या 'धूमकेतू' कथेत एक घर आहे: पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ अणुस्फोटाने बाजूला सारतात, आणि घरची माणसे त्याचे श्रेय यज्ञाला देतात. आमच्या घरात यशाचे श्रेय वाटून घेण्याची पद्धत तशीच आहे. अपयशाचे कोणी घेत नाही, एवढेच.

सोमवार इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालण्यात गेला.

मंगळवारी, २० मे रोजी, सकाळी बातमी आली की जयंत नारळीकर गेले. पुण्यात, पहाटे, झोपेत. वय ८६. मंगलाताई त्यांच्या आधी, जुलै २०२३ मध्ये, गेल्या होत्या. आम्ही कपाट उघडून बसलो. काही शोधावयाचे नव्हते, नुसतेच बसलो.

नारळीकर हे नाव प्रथम वाचले तेव्हा ते नाव नव्हतेच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली आणि 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखक नारायण विनायक जगताप. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉएल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडून परतलेला, टाटा इन्स्टिट्यूटमधला प्राध्यापक स्वतःची आद्याक्षरे उलटी करून स्पर्धेत उतरला होता. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली होती. परीक्षकांनी मोठ्या नावाला नव्हे तर कथेलाच गुण द्यावेत, हा त्यामागचा हेतू. साहित्याच्या क्षेत्रात एवढी प्रयोगशाळेची शिस्त फारशी आढळत नाही.

परंतु आम्हां बाहेरगावी राहिलेल्या मराठी माणसांना त्यांच्याविषयी जे वाटते त्याचे कारण वेगळे आहे. नारळीकर जन्मले कोल्हापुरात; वाढले बनारसला. वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख, आई सुमतीबाई संस्कृतच्या अभ्यासक. घरात मराठी, शाळेत हिंदी, पुढे सारे इंग्रजीत. हे वर्णन आपल्यापैकी कोणत्या घरास लागू पडत नाही? अशा घरातील मुले पुढे काय करतात, हेही आपण जाणतो. मराठी लग्नपत्रिकेपुरती उरते आणि तीही मुद्रकाने शुद्धलेखनासकट बिघडविलेली असते. या गृहस्थाने मात्र कथा लिहावयाची वेळ आली तेव्हा मराठी निवडली. इंग्रजी सहज शक्य होती आणि वाचकही जगभर मिळाले असते.

आमचे एक मत आहे. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांस ते मानवणार नाही. मराठी विज्ञानकथा हे मुख्यतः घराबाहेर पडलेल्या मराठीचे अपत्य आहे. १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठीत क्रमशः आली ती 'केरळकोकिळ'मध्ये. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी ते मासिक १८८६ साली सुरू केले तेव्हा ते कोचीहून निघत असे. मलबारच्या किनाऱ्यावर बसून मराठी मासिक काढणाऱ्या माणसाला चंद्र काही फार लांबचा वाटला नसावा. पुढे आमच्या पिढीला व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या 'चंद्रावर स्वारी' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र'मधून. भागवतांचा जन्म इंदूरचा, १९१० चा. आणि मग बनारसचे नारळीकर. निरंजन घाटे, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर हे मोठे लेखक या यादीत बसत नाहीत याची आम्हांस जाणीव आहे. सिद्धान्त म्हटला की काही निरीक्षणे त्याला न जुमानणारी असणारच. नारळीकरांनी स्वतः विश्वाच्या आरंभाविषयी बहुमताविरुद्ध जन्मभर मत राखले. मग आम्ही एवढे धाडस केले तर काय बिघडले? ज्याला दोन जगांत रोज जाऊन-येऊन राहावे लागते, त्याला तिसऱ्या जगाची कल्पना करणे सोपे जाते, एवढाच त्याचा अर्थ.

नातू पाठीमागे येऊन उभा राहिला. मोबाइलवर त्याने फोटो पाहिला होता.

"आबा, 'द ॲडव्हेंचर' यांचाच चॅप्टर आहे ना? अकरावीत होता आम्हाला. हॉर्नबिलमध्ये."

"त्यांचाच. मूळ मराठीत 'गंगाधरपंतांचे पानिपत'."

"मराठीत?" त्याच्या स्वरात अविश्वास नव्हता, नुसते आश्चर्य होते, आणि तेच आम्हांस अधिक लागले. "मला वाटलं, इंग्रजीतच लिहिला असेल."

ज्यांनी ती कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला जातात आणि अशा मुंबईत उतरतात, जेथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. ग्रंथालयात जाऊन पाहतात तो पानिपत मराठ्यांनी जिंकलेले. विश्वासरावांना लागावयाची गोळी तेथे निसटती गेली, आणि त्या एका क्षणापासून इतिहासाने दुसरी वाट धरली. संध्याकाळी आझाद मैदानावर एक सभा चालू असते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते, आणि ज्यांनी शेकडो सभांचे अध्यक्षपद भूषविले ते पंत जाऊन तीत बसतात. त्या जगातील लोक अध्यक्षीय भाषणांना विटलेले असतात. टोमॅटो, अंडी, हाती येईल ते पंतांवर येऊ लागते, आणि पंत त्या जगातून नाहीसे होतात.

"म्हणजे गोटमारच की," नातू म्हणाला. वर्गात हे कोणास सुचले नसावे. त्यासाठी आजोळ-घर पांढुर्ण्यात असावे लागते.

बुधवारी पुण्यात शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. दुपारी नातवाने कपाटातील एक जुना दिवाळी अंक काढला, मोबाइलचा कॅमेरा पानावर धरला, आणि पडद्यावर पाने हिंदीत बदलू लागली. अक्षरे जागच्या जागी वितळत होती आणि त्यांच्या ठिकाणी दुसरी उमटत होती. आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ज्या माणसाने हाताने दोऱ्या जोडून दोन गावे बोलती केली, त्याच्या डोळ्यांसमोर दोन भाषा अशा बिनदोरीच्या जोडल्या जात होत्या. पन्नास वर्षे आम्ही अशा यंत्राच्या कथा वाचीत आलो. आनंद झालाच. तो झाला नाही म्हणणे खोटे ठरेल.

मग यंत्र एका ठिकाणी अडखळले. 'चेष्टा' हा शब्द त्याने तसाच ठेवला होता. मित्रांनी नायकाची चेष्टा केली, हे हिंदीत मित्रांनी नायकासाठी प्रयत्न केला असे काहीसे झाले. सीमेवरच्या माणसाला हा विनोद जुनाच आहे. 'शिक्षा' आणि 'राग' यांनी आपल्या किती घरांत नव्या सुनांची फजिती केली असेल! नातू हसला, त्याला चूक कळली, कारण घरातली मराठी त्याच्या कानात आहे. पण उरलेली चार पाने यंत्राने चांगली केली. अगदी स्वच्छ हिंदी. आमचा विश्वास डळमळला तो या चार पानांनी, त्या एका शब्दाने नव्हे. यंत्र चुकते तोवर आमची गरज आहे. ते चुकेनासे झाले की या कपाटातले सारे काही नातवाला हवे तेव्हा, हव्या त्या भाषेत मिळेल, आणि मग मराठी वाचण्याचे त्याला कारण काय उरेल? विज्ञानकथेत यंत्र माणसावर उलटते तेव्हा ते बंदूक घेऊन येते. आमच्यावर उलटणारे यंत्र इतके सौजन्याने येईल, असे कोणी लिहून ठेवलेले आम्ही वाचले नव्हते.

हे आम्ही त्याच्याजवळ बोललो नाही. वृद्धांनी भाषेविषयी रडगाणे लावले की तरुण मोबाइल घेऊन गच्चीवर जातात, हा अनुभव आहे.

गुरुवारी त्याला घेऊन सौसरला गेलो. तेथील आमच्या स्नेह्यांकडे 'नवल'चे जुने अंक आहेत, आणि ते अंक पाहण्यासाठी प्रथम त्यांची मते ऐकावी लागतात. सौसरला पूर्वी नागपूर–छिंदवाडा छोटी गाडी होती. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि रूळ रुंद झाले. स्नेह्यांच्या मते खरे कालयंत्र तीच. नागपूरला बसले की माणूस सौसरला चार तास आणि पन्नास वर्षे मागे उतरत असे.

'गंगाधरपंतां'चा विषय निघताच ते म्हणाले, "पानिपत कशाला हवे? आपले पानिपत १ नोव्हेंबर १९५६ चे." त्यांचे म्हणणे सर्व वाचकांस ठाऊक आहे, तरी नातवासाठी त्यांनी ते पुन्हा मांडले. तोवर आपली राजधानी नागपूर. त्या दिवशी जुन्या मध्य प्रदेशातले आठ मराठी जिल्हे, नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळ, मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला, आणि त्याच्या दक्षिण टोकाची सौसर-पांढुर्ण्याची मराठी त्याच्याबरोबर राहिली. राजधानी भोपाळला गेली. संत्रे नागपूरच्या नावाने विकावयाचे, दवाखाना नागपूरचा, सोयरीक काटोल-सावनेरची, आणि अर्ज हिंदीत. "आम्हाला सेटलर म्हणतात," स्नेही म्हणाले. "आमचा आजा या वाड्यातून हलला नाही. रेषा हलली."

आमच्या घराण्याबद्दल असे म्हणता येत नाही. आम्ही भोसल्यांच्या कारकुनीबरोबर आलेले. पण त्यांच्या बाबतीत ते खरे आहे, आणि या पत्रिकेच्या पुष्कळ वाचकांच्या बाबतीतही असेल. आता ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौसर मिळून निराळा जिल्हा झाला आहे. रेषा पुन्हा हलली. यावेळी निदान आपल्याभोवती.

नातवाने विचारले, "मग ती रेषा वरून गेली असती, तर मी मराठी शाळेत असतो?"

स्नेही "अर्थात" म्हणाले. आम्हांस तसे वाटत नाही, आणि तेथेच आमचा वाद झाला. रेषेपलीकडे सावनेर आणि काटोल आहेत. आमची भाचवंडे तेथे राहतात. त्यांची मुलेही इंग्रजी शाळांतून जातात आणि त्यांच्या घरीही मराठी पुस्तकांचे कपाट आजोबांच्या खोलीत आहे. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून गेली असती तर सगळा हिंदुस्थान बदलला असता, हे कथेत ठीक आहे. सौसरची रेषा वीस कोस वर सरकली असती तर पाट्या बदलल्या असत्या, अर्ज बदलले असते, आणि ते काही थोडे नव्हे. नातवाच्या हातात मात्र कोणते तरी इंग्रजी पुस्तक असतेच. उलट, रेषेच्या या बाजूला राहिल्यामुळे मराठी ही आपोआप मिळणारी वस्तू नाही, एवढे तरी आम्हांस कळले. काटोलला ते अजून कळावयाचे आहे. स्नेह्यांना हे मुळीच पटले नाही. 'नवल'चे अंक त्यांनी दाखविले. घरी नेऊ दिले नाहीत.

परतताना बसमध्ये नातू गप्प होता. रात्री त्याने भोपाळहून आणलेल्या बॅगेतून हॉर्नबिल काढले, कपाटातून नारळीकरांचा कथासंग्रह घेतला, आणि दोन्ही शेजारी उघडून बसला. धड्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना आहे की हा मजकूर मूळ कथेचे रूपांतर आहे. वर्गात कोणी तिच्याकडे लक्ष दिले नसावे.

"म्हणजे त्यांनी कापलंय," तो म्हणाला. "काय काय कापलं ते बघतो."

मराठीच्या प्रेमाने नव्हे, पाठ्यपुस्तकाने काही लपविले असावे या संशयाने, तो मुलगा रात्री साडेअकरापर्यंत मराठी वाचीत होता. ओठ हलत होते. जोडाक्षरापाशी थांबत होता, मधूनच एखादा शब्द विचारीत होता. मोबाइल उशाला होता. तो त्याने का वापरला नाही, हे आम्ही विचारले नाही. उत्तर "चार्जिंग नव्हतं" असे आले असते तर?

शुक्रवारी संध्याकाळी वादळ आले. आंब्याची एक फांदी तारेवर पडली आणि वीज गेली. आभाळ मात्र आठनंतर लख्ख धुऊन निघाले. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. असा अंधार आता आमच्या गावातही दुर्मिळ. त्याचे उपकार फांदीचे. गच्चीवरून सप्तर्षी, त्यांच्या शेपटीच्या रोखाने स्वाती, पुढे चित्रा, पश्चिमेला तांबूस मंगळ दाखवून झाले. मग दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम आठ अंशांवर त्रिशंकू. आपल्या अक्षांशावर तो मे महिन्याच्या रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेला सरळ उभा राहतो आणि लवकरच कलतो. भोपाळला तो याहूनही खाली असतो. इमारतींआड दिसावयाचा नाही. ना स्वर्गात ना पृथ्वीवर अशा त्या राजाविषयी आम्हांस विशेष ममत्व आहे. कारण या पत्रिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

याच गच्चीवरून २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आगीचे गोळे रांगेने आभाळातून जाताना आम्ही पाहिले होते. विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून ते हजारोंनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी येथे लोखंडी चाकासारखी मोठी कडी पडली. चिनी अग्निबाणाचा तो टप्पा होता असे पुढे तज्ज्ञांनी सांगितले. शेजारच्या गच्चीवर त्या वेळी कोणी हात जोडले होते आणि कोणी मोबाइल वर धरले होते. काहींनी दोन्ही केले. नातवाला हे सांगितले तर तो म्हणाला, "आबा, यावर तुम्हीच स्टोरी लिहा." आम्ही लिहिणार नाही. पाहिलेल्या गोष्टीची विज्ञानकथा होत नाही, असे आमचे मत आहे. हेही एक मतच.

शनिवारी, २४ मे रोजी, मोसमी पाऊस केरळात पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. २००९ नंतर इतक्या लवकर तो प्रथमच आला. रोहिणी नक्षत्र अजून लागले नव्हते आणि नवतपा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता. सौभाग्यवतींनी पंचांग मिटून ठेवले, लोणच्याच्या कैऱ्या त्याच दिवशी आणविल्या, आणि उपग्रहांवर आमच्यापेक्षा त्यांचा विश्वास अधिक आहे हे सिद्ध केले.

नातू रविवारी रात्रीच्या गाडीने परतला. गंगाधरपंतांचा संग्रह त्याने मागून घेतला. आणखी दोन पुस्तके बॅगेत बसली. 'प्रेषित' बसले नाही. कैऱ्यांच्या बरणीला जागा द्यावी लागली. ते त्याने कपाटाच्या वरच्या फळीवर आडवे ठेवले, उभ्या पुस्तकांत मिसळू नये म्हणून. दिवाळीला परीक्षेमुळे त्यास येता आले नाही. पाडव्याला फोन आला तेव्हा आजीशी बोलणे झाल्यावर त्याने आम्हांस विचारले, ते पुस्तक अजून आडवेच आहे ना.